नोटीस येण्याआधी

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतली ही फाउंड्री लहानच. एक इंडक्शन फर्नेस, मोल्डिंगची दोन मशीनं, फेटलिंगचे कामगार धरून तीसेक माणसं. माल पुण्याकडच्या एका गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीला जातो. त्या कंपनीने ऑर्डर निम्म्यावर आणली, आधीची बिलं अडकवून ठेवली, आणि इकडे टर्म लोनचा हप्ता चुकला. दुसरा चुकण्याच्या बेतात आहे. कॅश क्रेडिटचं खातं मर्यादेला टेकलंय.

कारखाना आमच्या धाकट्या मामांचा. ते अशा वेळी गप्प असतात. बोलतात ते थोरले मामा. त्यांनी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या कास्टिंगपासून हा धंदा केला, आता निवृत्त आहेत. समोर माझी मावसबहीण, जी पुण्यात कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, वकिली करते. वकील आत्ता गाठायचा की बँकेकडून काही आल्यावर, यावर या दोघांचं जे बोलणं झालं ते इथे देतो आहे. माझं मत मी लपवणार नाही. पण मामांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कुपवाडपासून सातपूरपर्यंत कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, बहुतेक मालक मामांसारखाच विचार करतात.

मामा : बँकेचे साहेब ओळखीचे आहेत आपल्या. खंडेनवमीच्या पूजेला कारखान्यावर येऊन प्रसाद घेऊन गेलेत. त्यांच्यापुढं वकिलाचा कागद ठेवला की ते म्हणणार, यांची नियत फिरली. त्यापेक्षा समोर बसायचं, सरळ सांगायचं, साहेब, सहा महिने सांभाळून घ्या.

भाची : वकिलाचा कागद बँकेला पाठवा असं मी कुठं म्हटलं, मामा? बँकेला वकील दिसायचीही गरज नाही. पत्र कारखान्याच्या लेटरहेडवर, सही धाकट्या मामांची. ते जाण्याआधी जाणत्या माणसाने वाचलेलं असावं, एवढंच.

मामा : पत्रात वाचण्यासारखं काय असतं? मसुदा मीच करून दिलाय. 'आपली सर्व थकबाकी व्याज व दंडव्याजासह आम्हांस मान्य आहे. मंदीमुळे हप्ता भरता आला नाही. तरी सहा महिन्यांची मुदत मिळावी ही विनंती.' सरळ आहे की.

भाची : दंडव्याज किती लावलंय, बघितलंत?

मामा : ते बँक लावते. आपण काय बघायचं?

भाची : रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये परिपत्रक काढून दंडव्याजाची पद्धतच बंद केली. हप्ता चुकला तर बँक दंड शुल्क म्हणून लावू शकते, पण व्याजाच्या दरात तो मिसळायचा नाही आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. तुम्ही न बघता मान्य करून टाकलं. उद्या हिशोबात चूक निघाली तरी बँक हेच पत्र पुढे करणार. आणि नको ते लिहिलंय त्यापेक्षा हवं ते राहून गेलंय, हे मला जास्त लागतं. तुमच्या पत्रात उद्यम नोंदणीचा शब्द नाही.

मामा : तो तर नुसता दाखला. ऑफिसात भिंतीला लावलाय.

भाची : भिंतीवरून काढून पत्राला जोडा. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेने सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी, म्हणजे एमएसएमईसाठी, एक वाट घालून दिली आहे. पंचवीस कोटींपर्यंतचं कर्ज असेल तर खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरवण्याआधी बँकेने ते समितीपुढे न्यायचं आणि हप्ते बदलून देता येतील का, नवी पुनर्रचना करता येईल का, हे तपासायचं. मालकालाही स्वतःहून प्रतिज्ञापत्रावर अर्ज करता येतो. प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक या खटल्यात १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे बँकांवर बंधनकारक आहे. पण त्याच निकालात हेही सांगितलं की आपण एमएसएमई आहोत हे कागदपत्रांसह बँकेला वेळेत कळवायची जबाबदारी उद्योजकाची. खातं एनपीए झालं, जप्तीची कारवाई पुढे गेली आणि मग तुम्ही दाखला काढून दाखवलात, तर उपयोग नाही.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे. हप्ता थकल्यापासून नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए. त्या नव्वद दिवसांत मालकाच्या हातात बरंच काही असतं: समिती, पुनर्रचना, एखादं मशीन किंवा प्लॉट स्वतः गिऱ्हाईक बघून विकणं, अडकलेली बिलं सोडवणं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस येते. ती आली की तारण मालमत्ता बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही. साठ दिवसांनी बँक ताबा घेऊ शकते आणि मग डीआरटीत अर्ज करायला पंचेचाळीस दिवस. लोक वकिलाकडे पोचतात ते बहुधा या शेवटच्या टप्प्यावर, दारावर ताब्याची नोटीस चिकटल्यावर. तोवर वकिलाच्या हातात मुदत मागणं आणि बँकेच्या कागदातली चूक शोधणं एवढंच उरलेलं असतं. मग गावात बोललं जातं की वकिलाने काही केलं नाही.

मामा : पण साहेब दुष्मन नाहीत गं. बोलून मिटणारं प्रकरण कागदावर कशाला न्यायचं?

भाची : साहेब चांगले आहेत हे मला मान्य आहे. पण खातं एनपीए झालं की फाइल शाखेत राहत नाही, वसुली विभागाकडे जाते. तिथला अधिकारी तुम्हाला ओळखत नाही, त्याच्यापुढं फक्त कागद. साहेबांची बदलीही होऊ शकते. त्यांनी तोंडी दिलेला शब्द नव्या साहेबांवर बंधनकारक नाही. आणि एकरकमी तडजोड, जिला सगळे ओटीएस म्हणतात, ती हक्काने मागता येत नाही. २०२१ मध्ये बिजनोरच्या एका नागरी सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. बँकेने दिली तर दिली. म्हणून जेवढं बोलाल तेवढं दुसऱ्या दिवशी ईमेलने लिहून पाठवा. बोलू नका असं मी म्हणत नाही.

मामांना हे पटलं असं नाही, पण ते पुढच्या मुद्द्याकडे वळले आणि तो मुद्दा खरा होता.

मामा : बरं. पैसे? पोरांचा पगार द्यायला ओढाताण, त्यात वकिलाची फी कुठनं आणायची? वकील काय ऑर्डर आणून देणार आहे? भट्टी पेटवणार आहे?

भाची : नाही. ऑर्डर वकील आणत नाही. आणि कारखाना चालण्यासारखा नसेल तर तसं तोंडावर सांगणारा वकील हवा. पहिलं काम सल्ल्याचं असतं: कागद बघून पुढच्या वाटा सांगणं. त्याची फी वेगळी, खटल्याची वेगळी. हे आधी लिहून घ्यायचं. कुठल्या कामाचे किती, पुण्याला किंवा मुंबईला जायचं तर त्याचं काय, सिनियर वकील लागला तर कोण देणार. विचारायला लाजायचं नाही. ज्याला हे विचारलेलं खपत नाही त्याच्याकडे जायचं नाही.

मामा : एकजण आलेला परवा. म्हणाला, आधी एक रुपया नको. कर्ज निम्म्यात मिटवून देतो, जेवढं वाचेल त्यात आमची टक्केवारी. तोवर हप्ते बँकेत भरू नका, आमच्या खात्यात टाका. माझ्या मनात आलं, वकिलापेक्षा हे बरं.

भाची : मामा, त्या माणसाला पुन्हा दारात उभं करू नका. तो वकील नसणार. वकिलाला निकालावर टक्केवारी ठरवता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमात तशी मनाई आहे. जाहिरात करायलाही मनाई आहे. त्याच्याकडे सनद आहे का, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, एवढं विचारा, उत्तर कळेल. हप्ते त्याच्या खात्यात गेले म्हणजे बँकेच्या लेखी तुम्ही बुडवले. नव्वद दिवस त्यात निघून जातील, आणि वर पैसे परत मिळतील याची खात्री नाही.

अशी माणसं आता प्रत्येक वसाहतीत फिरतात, रंगीत कार्डं वाटतात. वकिलाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळे अडचणीतल्या माणसाच्या कानावर आधी पोचतो तो असा दलाल. या एका गोष्टीने किती कारखाने जास्त खोलात गेले याची मोजदाद कुणी करत नाही.

मामा : मग आपले कसबा बावड्याचे वकील आहेत की. शेताच्या बांधाचा दावा त्यांनीच जिंकून दिला. घरचा माणूस.

भाची : माणूस चांगला आहेच. पण हे काम त्यांच्या कोर्टात चालत नाही. सरफेसीच्या कारवाईत दिवाणी कोर्टाला मनाई हुकूम देता येत नाही, कलम ३४ ने ते दार बंद केलंय. कोल्हापुरातल्या कर्जाचं प्रकरण पुण्याच्या डीआरटीत जातं. कंपनीची दिवाळखोरी मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात. रिट करायची वेळ आली तर २०२५ च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय ही सोय झाली, पण डीआरटीची वाट असताना उच्च न्यायालय सहसा हात घालत नाही. चुकीच्या कोर्टात दोन महिने गेले की पंचेचाळीस दिवस संपलेले असतात.

मामा : त्यांनीच सांगितलं मला, सहकारी बँकेला तो सरफेसी लागू नाही. धाकट्याचं थोडं कर्ज सहकारी बँकेचं पण आहे.

भाची : लागू आहे. ५ मे २०२० ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तसा निकाल दिला, आणि तो खटला आपल्याच कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचा होता. पतसंस्थेचं असतं तर वेगळं, तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो. म्हणून म्हणते, हेच काम रोज करणारा वकील बघा. आणि पहिल्या भेटीत विचारा, तुम्ही आमच्या बँकेच्या पॅनेलवर आहात का? असेल तर नमस्कार करून उठायचं.

यानंतरचं बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते कर्जाच्या कागदावरच्या एका सहीबद्दल होतं. फाइलमध्ये हमीपत्राची झेरॉक्स होती. प्रत्येक पानाच्या खाली उजवीकडे दोन सह्या, एक धाकट्या मामांची इंग्रजीत, दुसरी मामींची मराठीत, संथ आणि गोल अक्षरात. मजकूर इंग्रजीत, बारीक टायपात.

भाची : धाकट्या मामींनी हे वाचलं होतं?

मामा : तिनं कशाला वाचायचं? बँकेत बोलावलं, जाऊन सही केली. घर दोघांच्या नावावर आहे म्हणून तिची सही लागते.

भाची : घर तारण द्यायला सही लागते, ते वेगळं. ही वैयक्तिक हमी आहे. म्हणजे घर विकूनही कर्ज फिटलं नाही तर उरलेल्या रकमेसाठी मामी स्वतः जबाबदार. करार कायद्याप्रमाणे हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कंपनीकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असं हमीदाराला म्हणता येत नाही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, मालकाच्या अंगावर काही येत नाही, असं सगळ्यांना वाटतं. ही सही ते सगळं पुसून टाकते.

मामा : आणि कंपनीचं एनसीएलटीत काही मिटलं तर?

भाची : तरी हमी सुटतेच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ ला, ललितकुमार जैन यांच्या खटल्यात, हेच सांगितलं: कंपनीचा आराखडा मंजूर झाला म्हणून हमीदार आपोआप मोकळा होत नाही. १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या हमीदारांविरुद्ध वैयक्तिक दिवाळखोरीची कारवाईही करता येते. म्हणून मी अजून एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला आवडणार नाही. मामींना स्वतःचा वेगळा वकील हवा.

मामा : म्हणजे नवरा-बायकोत भांडण लावायचं?

भाची : भांडण नाही, मामा. कंपनीच्या वकिलाचं काम कंपनी वाचवणं. त्यासाठी तो उद्या म्हणेल, हमी वाढवा, मामींच्या माहेरच्या जागेचं तारण द्या, बँक मुदत देईल. कंपनीच्या दृष्टीने तो बरोबर. पण मामींच्या बाजूने विचार करणारं त्या खोलीत कुणी नसेल. एका वकिलाने दोन्ही बाजूंचं हित बघायचं म्हटलं तर एक बाजू मागे पडते, आणि ती कुठली असते ते तुम्हाला मला दोघांना माहीत आहे. फीचं म्हणाल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

मामा बराच वेळ ते हमीपत्र उलटत राहिले. माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत बायकांनी अशा सह्या केल्या आहेत आणि आपण काय लिहून दिलं हे त्यांना ताबा घ्यायला माणसं आली तेव्हा कळलं. या लेखातून दुसरं काही कुणाच्या लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण आज घरी गेल्यावर कर्जाची फाइल काढून बायकोसमोर ठेवा आणि तिला वाचून दाखवा, एवढं मी हात जोडून सांगतो.

मग निघाला हातउसन्याचा विषय. मामांनी दोन वर्षांमागे भावाला मोठी रक्कम दिली होती, बँकेतून, चेकने, व्याज न लावता.

मामा : धाकटा म्हणाला, पुण्याचं बिल आलं की दादा आधी तुझे पैसे देतो. भाऊबंदकीत बुडवलं असं नको व्हायला.

भाची : देऊ देऊ नका.

मामा : माझे कष्टाचे पैसे आहेत.

भाची : आहेतच. पण उद्या कंपनी दिवाळखोरीत गेली तर आधीच्या दोन वर्षांत नातलगांना, संचालकांच्या भावाबहिणींना दिलेले पैसे तपासले जातात. बाकीचे घेणेकरी ताटकळत असताना घरच्यांना आधी दिलं असं दिसलं, तर न्यायाधिकरण ते परत मागवतं. तुम्हाला पैसे मिळून खर्चूनही झालेले असतील, आणि मग ते परत भरायचे. शिवाय धाकट्या मामांवर संशय बसेल तो वेगळाच. घर पोराच्या नावावर करणं, गाडी मेव्हण्याला विकल्याचं दाखवणं, याचंही तसंच. लोक हे वकिलाकडे येण्याच्या आधी करून मोकळे होतात, आणि मग ते निस्तरण्यातच वकिलाचे दिवस जातात.

मामा : म्हणजे मी माझे पैसे सोडून द्यायचे?

भाची : आज ते कारखान्यात राहू द्या. कारखाना वाचला तर मिळतील.

मामांनी यावर वाद घातला नाही. धंद्यात त्यांनी कुणाचं देणं बुडवलेलं नाही, आणि भावाला पेचात टाकून स्वतःचं सोडवून घेणं त्यांच्या स्वभावात नाही. मात्र पुढच्या प्रश्नाला ते चिडले.

भाची : शेडच्या मागे रिजेक्शनचा ढीग आहे. मागच्या वर्षीपासूनचा. तो स्टॉक स्टेटमेंटमध्ये तयार मालाच्या भावाने धरलाय का?

मामा : सगळेच धरतात. न धरून कॅश क्रेडिट कसं मिळेल?

भाची : म्हणजे धरलाय. बँक त्या आकड्यावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती रक्कम उचलता येईल ते, काढते. उद्या बँकेने ऑडिटर पाठवला, ढीग वितळवायच्या भंगाराचा निघाला, तर साध्या थकबाकीचं प्रकरण फसवणुकीच्या वळणावर जातं. विलफुल डिफॉल्टरचा, म्हणजे जाणूनबुजून कर्ज बुडवल्याचा, शिक्का बसला की दिवाळखोरीच्या प्रक्रियेत स्वतःचा कारखाना परत घेण्यासाठी आराखडाही देता येत नाही. धाकट्या मामांनी हे वकिलाला पहिल्याच दिवशी सांगावं. अशिलाने वकिलाला जे सांगितलं ते वकिलाकडून वदवून घेता येत नाही, कायद्याचं तसं संरक्षण आहे. सीएला सांगितलेल्याला ते नाही. पण वकिलाला सांगून पुढच्या महिन्यात पुन्हा तेच भरायचं नाही. पुढचं स्टेटमेंट खरं गेलं पाहिजे, मग मर्यादा कमी झाली तरी चालेल.

दिवाळखोरी हा शब्द एव्हाना बऱ्याचदा येऊन गेला होता, आणि मामांच्या चेहऱ्यावर तो दरवेळी दिसत होता. शेवटी ते बोललेच.

मामा : आमच्या काळी नादारीचा अर्ज केला की माणूस संपला. सोयरिकी तुटायच्या. आणि तुमच्या एनसीएलटीत गेलेले कारखाने मी बघितलेत. माणूस येतो, चाव्या घेतो, सहा महिने बैठका, मग लिलाव. फर्नेस भंगाराच्या भावात.

भाची : ते खरं आहे, मामा. २०१६ चा दिवाळखोरी कायदा आला तेव्हापासून जेवढ्या कंपन्यांचं पुनरुज्जीवन झालं त्याहून जास्त लिक्विडेशनला गेल्या. प्रकरण दाखल करून घेतलं की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात, हेही खरं. म्हणून स्वतःहून कलम १० चा अर्ज करा असं मी आज सांगणार नाही. लहान उद्योगांसाठी २०२१ पासून प्री-पॅक आहे, त्यात कारखाना मालकाच्याच हातात राहतो, आराखडा आधी ठरवून घेऊन जायचा. पण त्याला नात्याबाहेरच्या वित्तीय घेणेकऱ्यांची रकमेने सहासष्ट टक्के संमती लागते, म्हणजे बँक तयार हवी. ती वाट फारच थोड्यांनी घेतलीय. तरी आपल्याकडे एक जमेची बाजू आहे. मोठ्या कंपनीच्या बुडीत मालकाला आपलीच कंपनी परत घ्यायला कलम २९ए आडवं येतं. एमएसएमईला त्यातून बरीच सूट आहे.

मामा : आणि ज्याची कंपनीच नाही? नुसती प्रोप्रायटरी? आपल्या गल्लीतले निम्मे तसेच आहेत.

भाची : त्यांच्यासाठी २०१६ च्या कायद्याचा तो भाग अजून लागू केलेला नाही. मुंबई शहराबाहेर १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो, जिल्हा न्यायालयात. पाचशे रुपयांच्या कर्जावर नादार होता येतं, एवढा तो जुना.

इथे मी मामांच्या बाजूने उभा आहे. कंपनीला प्री-पॅक, बड्यांना मुंबईत वकिलांची फौज, आणि प्रोप्रायटरी फर्म चालवणाऱ्या टर्नरला शंभर वर्षांपूर्वीचा कायदा. प्रामाणिकपणे धंदा करून तोट्यात गेलेल्या माणसाला मान खाली न घालता पुन्हा उभं राहायची रीतसर वाट हवी, आणि ती या देशातल्या सगळ्यात लहान उद्योजकालाच अजून मिळालेली नाही. मामांच्या मनातली नादारीची लाज नुसत्या समजुतीतून आलेली नाही. ती अशा कायद्यातूनही आलेली आहे.

मामा : पुण्याच्या कंपनीकडं अडकलंय ते आलं तर हे काहीच लागणार नाही.

भाची : मग ते मागा. पंचेचाळीस दिवसांच्या वर एक दिवस झाला की एमएसएमईडी कायद्याप्रमाणे बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज ऑनलाइन करता येतो.

मामा : गिऱ्हाईक तुटेल. त्यांच्यावरच भट्टी चालते.

भाची : तुटेलही. तो निर्णय वकील घेऊ शकत नाही, धाकट्या मामांनीच घ्यायचा. एक मधली वाट आहे: त्यांच्या खरेदी विभागाला बिलांची यादी, उद्यम क्रमांक आणि कलम पंधराचा उल्लेख असलेलं साधं पत्र. अजून अर्ज नाही. पुष्कळदा तेवढ्यावर काही बिलं सुटतात.

मामा : हे बरं आहे. हे मला कळतं. आता माझं एक ऐक. तीस माणसं आहेत. काहींना मी स्वतः कामाला लावलंय. बँकेचं, सप्लायरचं, सगळं बोललीस. त्यांचं काय, हे जो वकील विचारणार नाही तो मला नको.

भाची : कायद्याने विचारलंय, मामा. लिक्विडेशन झालंच तर प्रक्रियेच्या खर्चानंतर कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी आणि तारण सोडून दिलेल्या बँका एकाच पायरीवर येतात. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे तर लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरतच नाहीत. पण आज पीएफचं चलन भरलंय का? पगारातून कापलेला हिस्सा भरला नाही तर ते फौजदारी आहे, आणि तिथे मुदत मागून चालत नाही. हप्ता राहिला तर राहू दे, आधी ते चलन.

मामा : मागच्या महिन्याचं राहिलंय वाटतं.

भाची : मग आधी ते. आणि वकिलाकडे जाताना मंजुरीपत्र, हमीपत्र, वर्षभराचे खातेउतारे, स्टॉक स्टेटमेंट, येणी-देण्यांची यादी, जीएसटी आणि पीएफची चलनं घ्या. आणखी एक. सप्लायरांना सिक्युरिटी म्हणून सही करून दिलेले कोरे चेक.

मामा : ते कशाला?

भाची : अडचण कळली की पहिला सप्लायर तो चेक भरणार. परत आला की नोटीस, पंधरा दिवसांत पैसे नाहीत तर कलम १३८ चा खटला, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. कंपनीला दिवाळखोरीचं संरक्षण मिळालं तरी सही करणाऱ्या संचालकाला ते मिळत नाही, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही ठरवून टाकलंय. कुणाकडे किती चेक आहेत हे धाकट्या मामांना तरी माहीत आहे का?

मामांनी तिथूनच भावाला फोन लावला. स्क्रॅपवाला, सँडवाला, रेझिनवाला अशी एकेक नावं विचारत मला लिहून घ्यायला लावली. सँडवाल्याकडे दोन चेक निघाले. रेझिनवाल्याकडे किती ते भावाला आठवेना. 'चेकबुकांची काउंटरफॉइल्स काढून ठेव,' मामा म्हणाले, 'आणि तुझ्या बायकोला पण बसव. सोमवारी आपण चौघं वकिलाकडे जाणार आहोत. तिच्यासाठी दुसरा बघायचाय, ते मी आल्यावर सांगतो.'